एफ-होलच्या जुन्या गिटारला पिकअप: फ्लोटिंग, पिझो की तबली कापून?

हरिपूर_रोड

मंडळी, एक जुनी अकूस्टिक आर्चटॉप आहे, म्हणजे वरची फळी (तबली) फुगीर आणि तिला व्हायोलिनसारखे एफ-होल. खालचा घेर १६ इंच, स्केल ६४८ मिमी, २० फ्रेट. वायर, जॅक, पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण) काहीच नाही. ब्रिज लाकडी आणि सुटा, तारांच्या दाबावर उभा. मागे पत्र्याचा टेलपीस. तारा ८०/२० ब्राँझ, जाडी १२-५३ (इंचाचे हजारावे भाग). पिकगार्ड शाबूत आहे.

फिंगरबोर्ड संपतो तिथे तारेच्या खालून तबलीपर्यंत १७ मिमी मिळतात. फिंगरबोर्डचं पुढे आलेलं टोक तबलीला टेकलेलं नाही, खाली मोकळी फट आहे.

वापर घरी आणि गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात. शेजारी ड्रमपॅड, समोर मॉनिटर, असा प्रकार. फ्लोटिंग (तबलीला न टेकता तरंगणारा पिकअप) घ्यावा, ब्रिजला पिझो (कंपन उचलणारी चकती) लावावा की सरळ तबली कापून हंबकर (दुहेरी गुंडाळीचा चुंबकी पिकअप) बसवावा? काम मिरजेत करून घेता येईल का? सतारवाले गिटारला हात लावतील का?

जवारी_फिटिंग

पिकअपची कंपनी शोधण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, तबली भरीव लाकडाची आहे की प्लायची. एफ-होलच्या कडेवर टॉर्च मारा. वरचे रेषे तसेच जाडीत उतरताना दिसले तर भरीव. वडीसारखे तीन थर दिसले तर प्लाय. कडेवर काळा किंवा पांढरा रंग मारलेला असेल तर आरसा आत घालून तबलीची आतली बाजू बघा. वरच्या आणि आतल्या रेषा, गाठी, डाग जुळत नसतील तर प्लाय समजा. भरीव असेल तर कापायचा विषय इथेच संपला, निदान माझ्यापुरता.

दुसरी, तुमचे १७ मिमी. ते पिकअपच्या मागच्या कडेपाशी, म्हणजे फिंगरबोर्डच्या टोकापासून ब्रिजकडे ३० मिमी अंतरावरही मोजा. तारा ब्रिजकडे वर चढतात, पण तबलीही फुगत जाते. काही गिटारींत तबली जास्त वेगाने चढते आणि पुढच्या कडेला बसणारा पिकअप मागच्या कडेला टेकतो. दोन्हीकडे १७ असेल तर ११ मिमी जाडीचा मिनी-हंबकर आरामात बसेल. ६ उरतात, वर ४ आणि खाली २.

आता तारा. चुंबकी पिकअपला लोखंड लागतं. ब्राँझच्या तारेत चुंबकाला फक्त आतली पोलादी गाभ्याची तार दिसते, वरचा वेढा दिसतच नाही. म्हणून जाड चार तारा मिणमिणतात आणि बी-ई कानात घुसतात. मग लोक पिकअपला शिव्या देतात. निकेल वेढ्याच्या १२-५२ घ्या, त्यातली जी (G) तार वेढ्याचीच हवी. फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्याच्या) घेतल्या तर बोटांची खरखरही जाते. तुमच्या लाकडी ब्रिजच्या माथ्यावर पायऱ्या असतील तर त्या बहुतेक वेढ्याच्या जी तारेसाठी कोरलेल्या असणार. तिथे साधी जी घातली की ती वरच्या फ्रेटांवर चढी बोलेल.

मिरजेचं विचारलंत. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते लाकूडकामातल्या हातावर. फुगीर तबलीवर घोडीचे पाय बसवणं त्यांना रोजचं. ब्रिज जरूर त्यांच्याकडून बसवून घ्या. फक्त एक गोष्ट दोनदा बजावून सांगा: माथ्याला जवारी काढायची नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तार रुंद उतारावर घासत बोलते, तिथे ती झंकार हवी असते. गिटारच्या ब्रिजवर तार एका धारदार रेषेवरून सुटली पाहिजे. सवयीने कोणी माथा सपाट केला तर गिटार सतारीसारखी झणझणेल आणि तुम्ही फ्रेट घासत बसाल.

पन्नास_हर्ट्झ

पिझोबद्दल मी सांगतो, कारण दोन कप चहाच्या पैशांत येणारी ती पितळी चकती बघून प्रत्येकाला मोह होतो.

२७ मिमीच्या चकतीची कपॅसिटी साधारण २० नॅनोफॅरड. मंडळाच्या मिक्सरचा लाइन इनपुट साधारण १० किलोओहम. दोन्ही मिळून एक फिल्टर तयार होतो, त्याचं टोक १ भागिले २π-आर-सी, म्हणजे जवळपास ८०० हर्ट्झ. त्याखालचं सगळं उतरत जातं. जाडी ई तार ८२ हर्ट्झवर आणि बारीक ई ३३० वर बोलते, म्हणजे सहाही उघड्या तारांचे मूळ स्वर त्या उतारावर आले. पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येतो तो याच कारणाने, चकती वाईट असते म्हणून नाही. तीच चकती १ मेगओहमच्या इनपुटला लावली तर टोक ८ हर्ट्झवर जातं आणि बास पूर्ण येतो.

ब्रिजमध्ये बसवायचे तयार पिझो बारीक असतात. त्यांची कपॅसिटी १ नॅनोफॅरडच्या घरात असेल तर १ मेगओहमलाही टोक १६० हर्ट्झवर राहतं. त्यांना १० मेगओहमचा बफर (मिक्सरचा भार पिझोवर न पडू देणारं छोटं सर्किट) हवा. एक जेफेट (ट्रान्झिस्टर) किंवा टीएल०७२ (ऑपॲम्प चिप), ९ व्होल्टची बॅटरी, बायसला १० मेगचा रेझिस्टर, एवढंच.

चकती ब्रिजच्या पायाखाली सरकवू नका. पाय तबलीवर पूर्ण टेकत नाही आणि गिटारचा स्वतःचाच आवाज बसतो. पायाच्या शेजारी, बारीक तारांच्या बाजूला, पातळ दुहेरी टेपने चिकटवा.

पण तुमच्या वापराला पिझो मुख्य पिकअप म्हणून मी घेणार नाही. तो तबलीचं कंपन उचलतो आणि मॉनिटर तबलीच हलवतो. ड्रमपॅडच्या शेजारी दहा मिनिटांत शिट्टी सुरू. चुंबकी पिकअप मुख्यतः तारेचं हलणं बघतो, तबलीचं त्याच्यापर्यंत वळसा घेऊन पोचतं.

कराड_नाका

सगळे फ्लोटिंगच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. तबली प्लाय निघाली तर कापा की राव, त्यात पाप कसलं? अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ईएस-१५० गिटारला पिकअप लावला तो तबलीतच. १९४९ ची ईएस-१७५ तर प्लायच्या तबलीची, पिकअपसाठीच बांधलेली. १९५७ पासून तिच्यात हंबकर यायला लागले. तबलीत अडकवलेलं वजन तबलीला जरा दाबून धरतं, तिचं मोकळं थरथरणं कमी होतं आणि शिट्टी उशिरा येते. स्टेजवर हाच फायदा.

कापायचं असेल तर: हंबकरच्या झाकणाचं माप साधारण ७० बाय ३८ मिमी. मध्यरेषा तबलीच्या जोडावरून धरू नका, दोन्ही ई तारांवरून काढा. जुन्या गिटारींत मान एखादा मिमी तिरकी असतेच. कापण्याआधी मोबाइलचा कॅमेरा एफ-होलला लावून आतल्या आधारपट्ट्या बघा. दोन समांतर पट्ट्या असतील तर त्यांच्यातलं अंतर मानेकडे किती उरतं ते मोजा. ७० पेक्षा कमी निघालं तर पट्टी कापावी लागेल, आणि मग कापूच नका. त्या पट्टीवरच ब्रिजचा दाब उभा आहे.

चार कोपऱ्यांत ६ मिमीची भोकं पाडा, मधलं बारीक करवतीने कापा, कडा कानशीने आणा. हातातल्या राउटरने नको, प्लायचा वरचा थर उचकटतो. पिकअपची रिंग खालून वक्र असलेली घ्या. सपाट रिंग फुगीर तबलीवर स्क्रूने आवळली की आठवड्यात तडकते.

जवारी_फिटिंग

@कराड_नाका, प्लायसाठी मान्य. माझा आक्षेप भरीव तबलीपुरता. ती कोरताना जाडी कुठे किती ठेवायची हे ठरवलेलं असतं, त्यात ७० बाय ३८ ची खिडकी पाडली की तो हिशोब गेला. गिब्सननेच १९६१ च्या जॉनी स्मिथ मॉडेलला तरंगता मिनी-हंबकर दिला तो याचसाठी. त्याआधीपासून डीआर्मंड ब्रँडचे पिकअप लोक भोक न पाडता अडकवत होतेच.

आणि फ्लोटिंग पटला नाही तर चार स्क्रू काढून परत करता येतो. खिडकी परत कशी करणार?

हरिपूर_रोड

कडेला टॉर्च मारला. रेषे सरळ उतरतात, म्हणजे भरीव. आत दोन समांतर पट्ट्या. मागच्या कडेपाशी १७ नाही, साडेसोळा मिमी. मिनी-हंबकर बघितला आहे: जाडी ११, रुंदी २९, फिंगरबोर्डच्या बाजूला स्क्रूने बसणारी पट्टी, तारांचं अंतर ५० मिमीसाठी. हे ५० जुळेल का? आणि कृपया बसवण्याचा क्रम सांगा. जॅक कुठे काढू?

जवारी_फिटिंग

साडेसोळा चालेल. अंतराचा हिशोब असा. नटवर (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) दोन ई तारांमध्ये ३६ आणि ब्रिजवर ५२ मिमी धरू. तुमच्या २० फ्रेटच्या बोर्डचं टोक ब्रिजपासून साधारण १९६ मिमीवर येतं, पिकअपचा मध्य १८० वर. तिथे अंतर भरतं साडेसत्तेचाळीसच्या आसपास. ५० च्या पिकअपवर प्रत्येक ई तार सव्वा मिमी आत पडेल. ऐकू येणार नाही. प्रत्येक तारेखालच्या स्क्रूऐवजी सलग पात्याचा पिकअप मिळाला तर हा प्रश्नच नाही.

क्रम:

सगळ्या तारा एकदम सोडू नका, ब्रिज कोसळेल. पायांच्या चारही बाजूंना तबलीवर टेपच्या खुणा करा. टेप साधी मास्किंग, तीही आधी हाताच्या पंजावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारून. जुन्या चपड्याच्या पॉलिशवर ताजी टेप लावली तर काढताना पॉलिशही तिच्यासोबत येतं.

पिकअप हाताने जागेवर धरून बघा. मग फिंगरबोर्डच्या कडेवर स्क्रूच्या जागा खुणवा. फ्रेटच्या खाचेच्या सरळ रेषेत खूण येत असेल तर ३ मिमी सरका, नाहीतर खाचेतूनच चीर जाते. पुढे आलेलं टोक ५-६ मिमी जाड असेल, स्क्रू बरोबर जाडीच्या मध्यावर हवा. २ मिमीच्या स्क्रूला १.२ मिमीचं भोक आधी पाडा, बिटला खोलीची टेप लावून. स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण लावा. शिसवात कोरडा स्क्रू पिळला तर एकतर लाकूड फाटतं, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून आत राहतं, आणि दुसरं जास्त त्रासाचं.

पिकअप तबलीला कुठेही टेकता कामा नये. कागदाची दुहेरी घडी खालून पूर्ण फिरली पाहिजे. नुसता स्पर्श झाला तरी एखाद्या ठरावीक स्वरावर बारीक तिर्र येतं आणि ते फ्रेटमधून येतंय असंच वाटतं.

उंची: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा. जाड ई पासून पिकअपपर्यंत ३ मिमी, बारीक ई पासून अडीच. याच्या आत आणू नका, कृष्णाकाठचा पावसाळा मोजायचाय अजून. श्रावण-भाद्रपदात दमटपणाने तबली फुगते, ब्रिज वर जातो, तारा वर जातात. पिकअप मानेला अडकवलेला असल्यामुळे तो मात्र जागेवरच राहतो, म्हणजे अंतर वाढून आवाज पडतो. चैत्र-वैशाखात उलट. तबली बसते आणि गणपतीत जवळ आणून ठेवलेल्या पिकअपवर तार आपटते. वर्षातून दोनदा मापं घ्या.

पॉट पिकगार्डच्या खालच्या बाजूला, बोटाने फिरवायच्या चाकतीचा. पिकगार्ड तबलीपासून उचललेला असतो, तिथे पॉटची उंची मावते का बघा. टोन पॉट नसला तरी चालेल, ॲम्पवर असतोच.

जॅक. स्टेजसाठी एंडपिनचाच घ्या, म्हणजे गिटारच्या बुडाशी पट्टा अडकवायच्या खुंटीच्या जागी बसणारा. पिकगार्डखाली लोंबणारा जॅक घरी ठीक, पण मांडवात वायरीवर कोणाचा ना कोणाचा पाय पडतोच, आणि ओढ सगळी पिकगार्डच्या एका स्क्रूवर येते. एंडपिनच्या भोकाला १२ मिमी लागतात. एकदम १२ चा बिट घालू नका, ठोकळा फुटतो. टेपर रीमर असेल तर उत्तम. नसेल तर ८, १० आणि १२, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीचे काही फेरे ड्रिल उलटं फिरवा, म्हणजे पॉलिशची कड स्वच्छ कापली जाते. टेलपीसची पट्टी त्याच जागी येत असेल तर तिचं भोकही वाढवावं लागेल. ते पट्टी काढून शिकंज्यात धरून करा, गिटारवर ठेवून नाही.

जॅक आत पोचवायला जुनी तार एंडपिनच्या भोकातून घाला, एफ-होलमधून बाहेर काढा, जॅकच्या तोंडात अडकवा आणि ओढा. सोल्डरिंग सगळं बाहेर आटपून मगच जॅक आत. एफ-होलमधून सोल्डरगन घालणारेही बघायला मिळतात, त्यांना कोपरापासून नमस्कार.

शेवटी ब्रिज. १२० चा पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून तबलीवर टेपने लावा, ब्रिजचे पाय त्यावर तारांच्या दिशेने पुढेमागे घासा, आडवे नाही. शेवटचे हात २२० वर. पायाला खडू लावून तबलीवर ठेवा, ठसा पूर्ण उमटला पाहिजे. मग १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला स्वर जुळेपर्यंत ब्रिज सरकवा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे.

पन्नास_हर्ट्झ

वायरिंगची भर.

पॉट ५०० के. २५० के लावला तर वरची धार थोडी कमी होते. काहींना जॅझसाठी तेच आवडतं, तेव्हा ती चूक नाही. टोन हवाच असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड. पिकअपपासून जॅकपर्यंत शील्डेड वायर, दोन सुट्या वायरी पिळून नको. हे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

तुमच्या टेलपीसची पट्टी धातूची आहे आणि एंडपिन जॅकची नळी तिच्यावरच आवळली जाते, म्हणून तारांचं अर्थिंग आपोआप होतं. पण पट्टीवर लॅकर असेल तर होत नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला. बीप नाही आली तर पट्टीची आतली बाजू, जिथे दिसत नाही तिथे, घासून धातू उघडा करा.

गुणगुण तपासताना: तारेला हात लावल्यावर कमी झाली तर ठीक आहे. जॅकच्या धातूला हात लावला की कमी होते पण तारेला लावून नाही, तर टेलपीस जोडला गेलेला नाही. तारेला हात लावल्यावर वाढली तर पिकअपची गरम (सिग्नलची) आणि अर्थ वायर उलटी जोडली आहे.

वायरीची लांबीही आवाज बदलते. शील्डेड केबलची कपॅसिटी साधारण १०० पिकोफॅरड प्रति मीटर. पिकअपचा इंडक्टन्स ४.५ हेन्री धरा, आतलं वायरिंग धरून आणखी १०० पिको. ३ मीटरच्या केबलवर पिकअपचा उभार (जिथे तो सर्वांत जोरात बोलतो) ३७०० हर्ट्झच्या आसपास येतो, ६ मीटरवर २८०० ला उतरतो. घरी चकाकणारा आवाज स्टेजवर बोजड वाटतो त्याचं निम्मं कारण ही लांब केबल. आणि मिक्सरच्या १० के इनपुटात चुंबकी पिकअपही थेट घालू नका, १ मेगओहम इनपुटचा डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) दोघांच्या मध्ये जोडा.

आता महत्त्वाचं. तारा अर्थ केल्या म्हणजे तुमचा हात ॲम्पच्या बॉडीला जोडला गेला. मांडवात अर्थिंगची पिन अनेकदा कुठेच जोडलेली नसते. एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) ॲम्प अर्थिंगशिवाय असला की बॉडीवर ११०-१२० व्होल्ट दिसतात. करंट थोडा असतो, पण माइकला ओठ लागला की झटका बसतो. आणि ॲम्पमध्ये खरोखर गळती असेल तर तो नुसता झटका राहत नाही. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मोजा. दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर गिटार खाली ठेवा आणि वायरमनला हाक मारा. गुणगुण घालवण्यासाठी ॲम्पच्या पिनेचा अर्थ कधीही तोडू नका. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा.

कराड_नाका

शिट्टीचं राहिलं. मॉनिटर लावून, मधला आवाज ठेवून, जाड्या दोन तारांवर एकेक फ्रेट वाजवत जा. एका स्वरावर गिटार अंगाला थरथरेल, बहुधा खालच्या जी ते बी यांच्यामध्ये, म्हणजे १०० ते १२५ हर्ट्झच्या पट्ट्यात. इक्वलायझरवर तेवढाच अरुंद पट्टा ४-६ डेसिबल खाली घ्या. सगळा बास कापला तर आर्चटॉप आणि साध्या इलेक्ट्रिकमध्ये फरक काय राहिला? तरी आली तर एफ-होलमध्ये फोमचे तुकडे, घट्ट बसतील असे पण कड न दाबणारे. घरी आल्यावर काढा, आत ओल कोंडते.

हरिपूर_रोड

बसला. सगळीकडे बीप येते, गुणगुण नाही. तारा निकेल १२-५२, जी वेढ्याची. तरीही बी तार इतरांपेक्षा मोठी बोलते. पिकअपची ती बाजू खाली घेतली तर बारीक ई फारच पडते. बीचा स्क्रू खाली पिळू का?

जवारी_फिटिंग

हो, बाजू परत वर घ्या आणि स्क्रूच पिळा. बी ही साध्या पोलादाची सर्वांत जाड तार, १६ ची. जीचा गाभा तिच्याहून बारीक, म्हणून बी पुढे येते. आधी एक पूर्ण फेरा खाली, मग ऐका. एका फेऱ्याला साधारण अर्धा-पाऊण मिमी. बारीक ईचा तसाच ठेवा, जीचा हवा तर अर्धा फेरा वर.

फक्त स्क्रू वरून जितका खाली जाईल तितकाच त्याचा शेपटा पिकअपच्या तळातून बाहेर येतो, आणि तुमच्याकडे खाली दोनच मिमी आहेत. दोन फेऱ्यांनंतर कागद पुन्हा खालून फिरवून बघा. अडला तर स्क्रू पूर्ण काढा आणि शेपटाचे २ मिमी कापून परत घाला. कापायचा तो पिकअपपासून लांब नेऊन, नाहीतर लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटतो आणि सुईने टोकरून काढावा लागतो.